जीपमधून नेलेल्या रायफलीचा नेम सरकतो: दोष जीपचा, रायफलीचा की आणखी कशाचा?

कोथरूडकर ५४०

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे वडिलांच्या काळापासूनची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे आणि गेली चार वर्षे मी दहा मीटर एअर रायफलचा सरावही नियमित करत आहे. या दोन्ही छंदांतली मित्रमंडळी आमच्याकडे चहाला एकत्र जमली की वादाला तोंड फुटलेच म्हणून समजावे. जीपवाले विचारतात की, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडण्यासाठी एवढा जाडजूड कोट आणि एवढी महागडी रायफल लागतेच कशाला. त्यावर रायफलवाले ऐकवतात की, शेजारून चांगला डांबरी रस्ता जात असताना मुद्दाम चिखलात गाडी घालणाऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये. मला दोन्ही मंडळी जिवाभावाची असल्यामुळे मी आजवर फक्त चहा ओतत राहिलो, पण आता अशी अडचण आली आहे की कोणीतरी निवाडा करावाच लागेल.

महिन्यातून एकदा मी शनिवारी सकाळी बालेवाडीच्या रेंजवर सराव करतो आणि तिथून थेट पौडच्या पुढे एका मित्राच्या शेतावर जातो. भात काढून झाल्यावर त्याची खाचरे मोकळी असतात, बांधालगत ओढा आहे आणि मागे चढाची मुरमाड वाट आहे. दिवसभर आम्ही तिथे गाड्या चालवतो, रात्री मुक्काम करतो आणि रविवारी दुपारी मी परतीच्या वाटेवर पुन्हा रेंजवर जातो. रायफल पेटीत घालून जीपच्या मागच्या बाकाखाली आडवी ठेवलेली असते. गेल्या तिन्ही खेपांना असे झाले की शनिवारी मधोमध बसणारा ग्रुप, म्हणजे छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, रविवारी खाली आणि डावीकडे सरकला, शिवाय तो पसरलाही. दर गोळीच्या गुणांची सरासरी १०.२ वरून ९.७ वर आली. जीपवाल्यांच्या मते रायफल फार नाजूक आहे आणि रायफलवाल्यांच्या मते माझी जीप म्हणजे चार चाकांवर बसवलेली चाळण आहे. जाणकारांनी कृपया नेमके कारण शोधण्यास मदत करावी.

दहा पूर्णांक नऊ, ठाणे

आपल्या जीपवाल्या मित्रांना आधी एक आकडा सांगावासा वाटतो, कारण तो कळला की नाजूकपणाचा आरोप आपोआप गळून पडेल. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दशांशाने गुण मोजताना ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर, म्हणून आपली सरासरी १०.२ वरून ९.७ वर आली याचा अर्थ प्रत्येक छर्रा मध्यापासून सरासरी सव्वा मिलिमीटर अधिक दूर गेला. नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली मागची आणि पुढची साइट यांच्यात सुमारे ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर मागची साइट केवळ दशांश मिलिमीटर, म्हणजे जाड केसाच्या जाडीइतकी हलली तरी लक्ष्यावर एवढा फरक पडतो. जी जीप ओढ्यातून निघताना चालकाचे डोके हूडच्या पाइपावर आपटवते, तिने पेटीतल्या साइटला एका केसाइतके हलवले नसेल असे मानणे मला कठीण वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी निघण्यापूर्वी मागची साइट ज्या खाचेत बसते तिथे रेल आणि साइट या दोन्हींवर मिळून एक बारीक पांढरी रेघ रंगाने ओढून ठेवावी. परतल्यावर ती रेघ तुटलेली दिसली तर साइट सरकली हे निश्चित. दस्ता आणि नळीची जोडणी ज्या स्क्रूंनी घट्ट होते, तेही टॉर्क पान्याने दर वेळी एकाच मापाने आवळावेत, कारण हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू हादऱ्यांनी किती सैल झाला हे कोणालाच सांगता येत नाही.

आणखी दोन गोष्टींकडे आपले लक्ष गेलेले नसावे असे वाटते. पहिली म्हणजे छर्र्यांचा डबा. छर्रे मऊ शिशाचे असतात आणि त्यांचा मागचा घेर कागदासारखा पातळ असतो. अर्धा रिकामा झालेला डबा दिवसभर खुळखुळत राहिला की ते घेर एकमेकांवर आपटून चेपतात आणि तसा छर्रा नळीत सरळ बसत नाही. डबा उघडल्यावर तळाशी करडी भुकटी दिसली तर तो डबा फक्त हात सैल करण्यासाठी वापरावा. दुसरी गोष्ट छर्रा ढकलणाऱ्या, रायफलीच्या दाबाच्या हवेच्या सिलिंडरची. २७ अंश तापमानाला २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ५७ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब सुमारे २२० बार होतो. रायफलीतला दाब आवरणारा रेग्युलेटर छर्र्याचा वेग सांभाळून घेतो, परंतु सिलिंडरला विनाकारण असा ताण देऊ नये. प्रवासात तो थोडा रिकामा ठेवून सावलीच्या बाजूला ठेवावा.

लाल माती, सावंतवाडी

ठाण्याच्या मित्रांनी रायफलीची बाजू फार सुरेख मांडली, पण जीपला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करताना तिचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. मी स्वतः मारुती जिप्सीवाला असलो आणि ५४०च्या वजनावरून तिच्या मालकांना गेली पंधरा वर्षे चिडवत आलो असलो, तरी या प्रकरणात मी ५४०चे वकीलपत्र आनंदाने घेतो.

जीपलाही जिप्सीप्रमाणेच चारही चाकांना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि दोन्ही अॅक्सल अखंड आहेत. अशा गाडीत हादरा सगळीकडे सारखा बसत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधला भाग सर्वांत कमी उसळतो, तर मागच्या चाकांवरचा आणि त्यांच्याही मागचा भाग सर्वांत जास्त. आपण पेटी ठेवता ती जागा, म्हणजे मागचे बाक, नेमके मागच्या चाकांच्या डोक्यावर येते, आणि त्यात आपण ती आडवी ठेवता. गाडी एका बाजूला कलंडून पुन्हा सरळ होते तेव्हा आडव्या पेटीची दोन टोके तराजूच्या पारड्यांसारखी खालीवर होतात, आणि एका टोकाला नळी तर दुसऱ्या टोकाला दस्ता आहे. पेटी पुढच्या दोन आसनांच्या लगेच मागे, गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून पहावी. खाली मऊ स्पंजाचा एकच जाड थर देण्यापेक्षा आधी चटईसारखे कडक रबर आणि त्यावर स्पंज असा दुहेरी थर द्यावा, कारण नुसत्या मऊ थरावर पेटी गाडीपेक्षाही जास्त नाचते. दोन पट्ट्यांनी ती इतकी घट्ट बांधावी की हाताने ढकलल्यावर पेटीऐवजी जीप हलली पाहिजे.

आता चाकांकडे येऊ. डांबरी रस्त्यावर आपण ३० पौंडांच्या आसपास हवा ठेवत असाल आणि खाचरात उतरतानाही तीच ठेवत असाल, तर तो दोष जीपचा नव्हे. मुरमाड वाटेवर ती १८ ते २० पौंडांपर्यंत उतरवावी. टायर दगडाला आपल्या पोटात घेतो आणि पाट्यांपर्यंत धक्काच पोचत नाही. मात्र टायरमध्ये ट्यूब असेल तर याहून खाली जाऊ नये, नाहीतर जोर लागल्यावर टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. परत डांबरावर येताना हवा भरण्याचा पंप बरोबर असावा. त्याखेरीज पाट्यांच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, बुश एकदा पाहून घ्यावेत. पाट्याच्या टोकाशी पहार लावून हलवल्यावर खडखड आवाज आला तर बुश संपले असे समजावे, आणि ते बदलल्यावर आपली गाडी दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटेल.

रायफलवाल्या मंडळींना एकच प्रेमाची विनंती आहे. आमच्या चिखलाला नावे ठेवण्यापूर्वी एकदा लो गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता, केवळ इंजिनाच्या जोरावर जीप ओल्या बांधावरून उतरवून पहावी. त्या वेळी श्वास जसा आपोआप रोखला जातो, तसा तुमच्या रेंजवरही रोखला जात असणार.

निवृत्त सुभेदार, सातारा

आमच्या नोकरीच्या काळात जीप आणि रायफल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे कधी वाटलेच नाही, त्यामुळे हा वाद वाचून मौज वाटली. आमचा शिरस्ता सरळ होता: कच्च्या रस्त्याने लांबचा प्रवास झाला की झिरो, म्हणजे साइटचा नेम मध्यावर बसतो की नाही, हे पुन्हा तपासायचे, मग गाडी कोणतीही असो. त्यात कोणाचा अपमान नाही.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटली. आपल्या जीपला कापडी हूड आहे आणि आपण रात्री मुक्काम करता, तर त्या रात्री रायफल कुठे असते? कापडी हूडला कुलूप लागत नाही. पेटी मुक्कामाच्या खोलीत, आपल्या डोळ्यांसमोर, कुलूपबंद असली पाहिजे आणि छर्रे वेगळ्या पिशवीत असले पाहिजेत. साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही आणि आपल्या स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते, हे खरे आहे. परंतु रात्रीच्या नाकाबंदीत उभ्या असलेल्या हवालदाराला पेटीतली वस्तू पाहून हे कळावे अशी अपेक्षा धरणे योग्य नाही, म्हणून खरेदीची पावती आणि क्लबचे ओळखपत्र पेटीतच ठेवावे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे पॉइंट टू-टूची (०.२२ इंच नळीची) परवान्याची रायफल असेल, त्यांनी ती रिकामी, पूर्ण झाकलेली आणि स्वतःच्या ताब्यात ठेवूनच न्यावी, आणि मूळ परवाना सोबत बाळगावा.

पौडहून तसेच पुढे जात राहिले की मुळशीमागे ताम्हिणीचे जंगल लागते, ते २०१३ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातली शस्त्राची व्याख्या इतकी व्यापक आहे की एअर रायफलला परवाना लागत नाही ही सबब तिथे चालणार नाही. जीप घेऊन रस्ता सोडायचाही तिथे प्रश्नच नाही. रायफल बरोबर असताना एखाद्या साथीदाराने तिकडे फेरी मारण्याचा आग्रह केला, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. आपण मित्राच्या शेतावरच गाड्या चालवता हे मला फार आवडले.

करवीरची नेमबाज, कोल्हापूर

वरची तिन्ही उत्तरे मनापासून पटली, पण ती वाचताना सारखे वाटत राहिले की पंचनामा रायफलीचा झाला, जीपचा झाला, आणि या दोघींच्या मध्ये दोन दिवस बसलेला माणूस तेवढा साक्षीला बोलावायचा राहिला.

आपल्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या करणे अत्यंत आवश्यक आहे. ग्रुप सरकणे ही एक गोष्ट आणि ग्रुप पसरणे ही दुसरी. साइट हलली तर ग्रुप सरकतो, पण घट्टच राहतो. दहाही छर्रे नव्या जागी जाऊन तसेच एकमेकांना चिकटून बसतात. पसरलेला ग्रुप मात्र बहुतेक वेळा छर्र्यांकडे किंवा माणसाकडे बोट दाखवतो.

आता उभे राहण्याची आपली पद्धत आठवून पहा. आपण उजव्या हाताने घोडा दाबणारे असाल असे मी धरते. डावा खांदा लक्ष्याकडे, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकलेले, आणि रायफलीचे साडेपाच किलोंपर्यंतचे वजन त्या कोपरातून कमरेत आणि कमरेतून डाव्या पायात उतरलेले, अशी ती ठेवण असते. साठ गोळ्यांच्या सामन्यात पंचाहत्तर मिनिटे तो डावा पाय खांबासारखा उभा राहावा लागतो. आणि दिवसभर खाचरात जीप चालवताना क्लच कोणत्या पायाने दाबतात? माझ्या काकांकडे अशीच जुनी जीप होती आणि तिचा क्लच दाबताना आसनावरून अंग उचलले जायचे, हे मला चांगले आठवते. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे खांदे आणि पाठीचा खालचा भागही दिवसभर राबतो. रविवारी आपण रेंजवर उभे राहता तेव्हा डावा पाय मांडीतून थरथरत असतो, कंबर जराशी खाली बसते, आणि कंबर बसली की नळी खाली जाते. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळा साइटमधल्या वर्तुळात गुंतलेला असतो.

आमच्या भागात नेमबाजीचे बोलणे निघाले की विषय थ्री पोझिशनवर येतोच. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्या अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर, मग झोपून आणि शेवटी उभ्याने नेम धरावा लागतो, म्हणजे सर्वांत अवघड ठेवण पाय दमल्यावरच वाट्याला येते. म्हणून आमच्या सरावात पायांना बंदुकीइतकेच जपायला शिकवतात.

निवाडा हवा असेल तर पुढच्या खेपेला तीन परीक्षा घ्याव्यात. रविवारी रेंजवर पोचल्याबरोबर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, जीपमध्ये न नेलेल्या नव्या डब्यातले दहा छर्रे मारावेत. मग तशीच टेकवून जीपमधून फिरून आलेल्या डब्यातले दहा मारावेत. शेवटी नव्या डब्यातलेच दहा उभ्याने मारावेत. पहिल्या कागदावर साइट बोलेल, दुसऱ्यावर छर्रे बोलतील आणि तिसऱ्यावर आपण.

कोथरूडकर ५४०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण सांगितलेले सगळे करून मगच लिहायचे असे ठरवले होते.

पेटी आता पुढच्या आसनांमागे, गाडीच्या लांबीच्या दिशेने, रबर आणि स्पंज अशा दुहेरी थरावर बांधलेली असते. मागच्या शॅकलचे चारही बुश बदलले. जुने काढले तेव्हा त्यातला एक हातात अक्षरशः दोन तुकडे होऊन आला. खाचरात उतरताना हवा २० पौंडांवर आणली. रात्री पेटी माझ्या खाटेशेजारी भिंतीला लावून, कुलूप घालून ठेवली आणि पावती व ओळखपत्र तिच्या झाकणाच्या कप्प्यात कायमचे ठेवले आहे. यापूर्वी दोन वेळा ती रात्रभर जीपमध्येच राहिली होती, हे सुभेदारसाहेबांना प्रामाणिकपणे सांगतो. यापुढे तसे होणार नाही.

रविवारी कोल्हापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन कागद मारले. पहिल्यावर ग्रुप एका भोकासारखा घट्ट बसला, पण मध्याच्या किंचित डावीकडे. पांढऱ्या रेघेचे दोन तुकडेही भिंगातून स्पष्ट दिसले. साइट पुन्हा रेघेवर आणून आवळली आणि दोन छर्रे मारून तो मध्यावर आल्याची खात्री करून घेतली. दुसऱ्या कागदावर जीपच्या डब्यातले दोन छर्रे बाकीच्यांना सोडून भरकटले, आणि डब्याच्या तळाशी बोटाला करडी भुकटी लागली. तिसऱ्या कागदावर, साइट जागेवर असूनही, उभ्याने मारलेला ग्रुप खाली लोंबत पसरला आणि सरासरी ९.८ भरली. त्या दिवशी साडेसहा तास क्लचवर माझाच पाय होता. म्हणजे डावीकडचे सरकणे साइटचे, थोडे पसरणे छर्र्यांचे, आणि खाली जाणे व बाकीचे सगळे पसरणे माझ्या डाव्या पायाचे निघाले.

पुढच्या आठवड्यात रायफलवाल्यांपैकी एक मित्र पहिल्यांदाच शेतावर आला. त्याला आम्ही चालकाच्या आसनावर बसवले आणि मी शेजारी बसून राहिलो. सुरुवातीला तो स्टिअरिंग असे धरून होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती, पण दुपारपर्यंत त्याने लो गिअरमध्ये ओला बांध एकदाही ब्रेक न दाबता उतरवला आणि खाली पोचल्यावर इतका वेळ रोखून धरलेला श्वास मोठ्याने सोडला. रविवारी मी ताज्या पायांनी उभ्याने मारले, सरासरी १०.२. त्याची त्या दिवशी ९.६ आली आणि पहिल्यांदाच त्याने जीपला एकही दूषण दिले नाही. त्याची एक शंका मात्र मला नीट सोडवता आली नाही. माझ्या जीपच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक अॅक्सलला जोडणाऱ्या किंवा सोडवणाऱ्या कळा आहेत, आणि शेतावर पोचल्यावर फोर व्हीलचा दांडा टाकूनही जीप पुढची चाके ओढत नाही असे त्याला वाटले. सावंतवाडीकरांनी सांगावे.

लाल माती, सावंतवाडी

त्यांनी फक्त चालकाच्या बाजूचा हब फिरवला असणार. नव्या माणसाची ही हमखास होणारी चूक आहे. एकच हब लॉक असला की दोन चाकांत जोर वाटणारे डिफरेन्शियल सगळा जोर मोकळ्या बाजूला सोडून देते आणि पुढची चाके नुसती बरोबर फिरत राहतात. दोन्ही बाजूंना उतरून, दोन्ही हब शेवटच्या खुणेपर्यंत फिरवावेत, फिरत नसतील तर जीप हातभर मागेपुढे करून पुन्हा प्रयत्न करावा, आणि डांबरावर परत येण्यापूर्वी दोन्ही आठवणीने सोडवावेत. त्या मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि पाऊस ओसरला की रायफलीसह सावंतवाडीला घेऊन या. परत जाताना जिप्सी ते चालवतील, ५४० मी चालवतो आणि आपण पाय पसरून शेजारी बसा.